मंडळीतील मतभेद आणि पुढाऱ्यांचे स्वभाव



आजच्या विषयाचे नाव वाचून काही श्रोत्यांच्या कपाळाला आठी पडली असेल. कामगारांत वावरणाऱ्या माणसाने बोनस, महागाईभत्ता, कंत्राटी पद्धत यांवर बोलावे. ख्रिस्ती मंडळीच्या तंट्याबखेड्यांत त्याने का शिरावे? शिवाय आम्ही ख्रिस्ती नाही, आणि शाळेचे शिक्षणही आम्हांस फारसे लाभलेले नाही. परंतु बऱ्याच वर्षांपूर्वी आमच्या युनियनच्या कार्यकारिणीत दुफळी माजली असता आमच्या खजिनदारांनी आमच्या हातात मराठी नवा करार ठेवला. ते ख्रिस्ती होते. ‘प्रेषितांची कृत्ये’ तेवढे वाचा, असे त्यांनी सांगितले. धर्मोपदेश ऐकावा लागणार, अशा समजुतीने आम्ही पुस्तक उघडले. आणि पाहतो तो काय, सारी संघटनेचीच हकीकत! पैसा, वाटप, कुरकूर, सभा, ठराव आणि फूट. त्या पुस्तकातील तीन तंटे आज आपल्यापुढे मांडावयाचे आहेत.

पहिला तंटा भाकरीचा. येशूच्या पश्चात यरुशलेमात जी मंडळी जमली, ती आपली मालमत्ता एकत्र करी आणि गरजूंना रोज अन्न वाटी. थोड्याच काळात ग्रीक बोलणाऱ्या यहूद्यांची तक्रार आली की, रोजच्या वाटपात आमच्या विधवांकडे दुर्लक्ष होते. आता बारा प्रेषितांना ही तक्रार दडपता आली असती. ‘फूट पाडणारे लोक’ असा शिक्काही मारता आला असता. आम्ही पुढारी मंडळी तो फार लौकर मारतो. त्यांनी तसे केले नाही. सगळ्यांना बोलावले आणि सांगितले की, तुमच्यातून सात विश्वासू माणसे तुम्हीच निवडा. वाटपाचे काम आम्ही त्यांच्यावर सोपवतो. निवडलेल्या सातांची नावे वाचा. स्तेफन, फिलिप आणि पुढची सारी नावे ग्रीक आहेत! म्हणजे ज्यांची तक्रार होती, बहुधा त्यांच्याच माणसांच्या हाती वाढणाऱ्याची पळी दिली गेली. आपल्या हातातील सत्ता न कुरकुरता दुसऱ्याच्या हाती देणारा हा स्वभाव दुर्मिळ आहे.

दुसरा तंटा तत्त्वाचा. सुमारे इ. स. 49 च्या सुमारास अंत्युखियाच्या मंडळीत वाद पेटला. यहूदी नसलेल्या माणसाने ख्रिस्ती होताना सुंता केलीच पाहिजे काय? हा प्रश्न वाटपाने सुटण्यासारखा नव्हता. पौल आणि बर्णबा यरुशलेमास गेले, सभा भरली, पुष्कळ वादविवाद झाला. पेत्र बोलला, बर्णबा व पौल यांनी आपला अनुभव सांगितला, आणि शेवटी याकोबाने दोन्ही बाजूंना झेपेल असा निवाडा मांडला. सुंतेची सक्ती नाही. मात्र मूर्तींना वाहिलेले अन्न, रक्त वगैरे काही गोष्टी वर्ज्य कराव्यात. निर्णय लेखी झाला आणि तो समजावून सांगण्यासाठी पत्राबरोबर यहूदा व सीला ही दोन माणसे धाडली. याकोब हा सभा चालविणारा माणूस. तो शेवटी बोलतो, थोडे बोलतो आणि लिहून घेतो. ज्यांनी समेटाच्या वाटाघाटी केल्या आहेत, त्यांस अशा माणसाची किंमत सांगावयास नको.

पेत्राचा स्वभाव वेगळा. अंत्युखियात तो यहूदी नसलेल्यांबरोबर एका पंगतीस बसत असे. याकोबाकडची काही माणसे आली, तेव्हा तो भिऊन त्या पंगतीतून बाजूला झाला. त्याच्या ओढीने बर्णबासारखा माणूसही घसरला. पौलाने पेत्राला सर्वांसमक्ष तोंडावर सुनावले. ही हकीकत पौलानेच गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात आहे. पेत्र दुष्ट नव्हता. त्याला आलेल्या पाहुण्यांस दुखवावयाचे नव्हते. परंतु अशा भिडेची किंमत पंगतीतल्या दुबळ्या माणसाला मोजावी लागते.

आता तिसरा तंटा. हा ना भाकरीचा, ना तत्त्वाचा. हा एका माणसाचा. पौल आणि बर्णबा यांच्या पहिल्या प्रवासात योहान मार्क हा मदतनीस म्हणून बरोबर होता. पंफुल्यातील पिर्गा येथे तो त्यांना सोडून यरुशलेमास परतला. का परतला, ते लिहिलेले नाही. पुढे दुसऱ्या प्रवासाची वेळ आली, तेव्हा बर्णबा म्हणाला, मार्कास नेऊ. पौल म्हणाला, अर्ध्या वाटेत टाकून गेलेल्यास न्यावयाचे नाही. बर्णबाचा तो नात्यातला, हेही खरे. परंतु ते एकच कारण नसावे. पूर्वी हाच पौल मंडळीचा छळ करीत असे. त्याचे मन पालटल्यावरही यरुशलेमातील सारे त्याला भीत होते. त्या वेळी त्याला हाताशी धरून प्रेषितांकडे नेणारा माणूस बर्णबाच होता. त्यालाच पुढे तार्सास जाऊन शोधून अंत्युखियास आणणाराही बर्णबाच. म्हणजे टाकून दिलेल्या माणसावर भरवसा टाकणे हा बर्णबाचा स्वभावच. पौल कामाकडे पाही, बर्णबा माणसाकडे. वाद इतका विकोपास गेला की, दोघे वेगळे झाले. बर्णबा मार्काला घेऊन कुप्र बेटाकडे गेला, पौल सीलाला घेऊन सूरिया व किलिकियाकडे. खरे कोणाचे, याचा निवाडा त्या पुस्तकात नाही.

आमच्या कार्यकारिणीतील दुफळी अशाच एका तरुणावरून होती. संपाच्या शेवटच्या आठवड्यात तो कामावर गेला. घरी आई अंथरुणाला खिळलेली होती. संप मिटल्यावर तो वर्गणी घेऊन पावती मागावयास आला. आम्ही ती दिली नाही. आमचे एक वडीलधारे सहकारी म्हणाले, “पोरगा आहे, घ्या त्याला.” आम्ही त्यांस मऊ म्हणालो, आणि मतांनी जिंकलो. खजिनदारांनी पुस्तक दिले ते त्याच सुमारास. आम्ही पंधराव्या अध्यायाशीच थांबलो. कारण पौल आम्हांस आपल्या बाजूचा वाटला.

पुढची पत्रे आम्ही फार उशिरा वाचली. कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्रात हाच मार्क पौलाजवळ आहे, आणि तो आला तर त्याचा स्वीकार करा, असे सांगितले आहे. तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात मार्काला घेऊन ये, तो कामाचा आहे, असा निरोप आहे. आणि चारांपैकी एक शुभवर्तमान परंपरेने याच मार्काच्या नावावर आहे. कठोर माणसाने आपले मत बदलले आणि ते लिहून कळविले! परंतु त्याला बदलावयास मार्क शिल्लक राहिला होता, तो बर्णबामुळे. हे वाचून आम्ही त्या तरुणाचा शोध केला. तो गाव सोडून गेला होता. आमचे वडीलधारे सहकारीही तोवर वारले होते. त्यांस ‘तुमचे खरे होते’ एवढे सांगावयाचे राहून गेले.

मित्रहो, संघटना देवाची असो की कामगारांची, तंटे होणारच. भाकरीचा तंटा असेल तर तक्रारदाराच्या हाती पळी द्यावी. तत्त्वाचा असेल तर उघड सभेत सोडवून लिहून काढावा. माणसाचा असेल तर घाईने ठराव करू नये. आणि वेगळे व्हावयाचेच झाले, तर टाकलेल्या माणसाला घेऊन जाणारा एखादा बर्णबा आपल्यात असू द्यावा. त्याला मऊ म्हणून हिणवू नये. कार्यकारिणीत पौल पुष्कळ मिळतात. आम्ही स्वतः त्यांतलेच.