सहीला डॅमरेज लावा

(ढोकी येथे तरुणांच्या बैठकीत केलेले भाषण)



मी मॅट्रिक. मुंबईच्या गोदीत माल चढवतो-उतरवतो आणि पाळी संपली की कविता लिहितो. पीएच.डी.वाल्या पोरांच्या प्रश्नावर या हमालानं काय बोलावं, असं तुम्हाला वाटेल. पण प्रश्न पुस्तकाचा नाही, कागदाचा आहे. कागदावाचून माल कसा कुजतो, हे गोदीवाल्याइतकं कुणी पाहिलेलं नाही. म्हणून बोलतो.

आधी भानगड काय ते समजून घ्या. आपल्यातलं एखादं पोर एम.ए. होतं, पुढं संशोधनाला नाव घालतं. त्याला गावोगाव हिंडायचं असतं, माणसं गाठायची असतात, जुनी दप्तरं चाळायची असतात. याला पैसा लागतो. बापाकडं तो नसतो. मग बाहेरची दारं ठोठवायची. दिल्लीला भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद आहे, १९६९ साली स्थापन झालेली. अशा संस्था संशोधनाला पैसे देतात. पण तुमच्या एकट्याच्या अर्जाला तिथं किंमत नाही. अर्जाला विद्यापीठाचा किंवा कॉलेजचा एक कागद जोडावा लागतो. हा विद्यार्थी आमचा आहे, याच्या कामाला आमची संमती आहे, पैसा आला तर आम्ही सांभाळू आणि त्याचा हिशेब देऊ, असं त्यावर लिहिलेलं असतं. खाली सही. सहीवर शिक्का.

आता हा कागद हवाच कशाला? माझं म्हणणं ऐका, हवा. पैसा जनतेचा आहे. तो पुष्कळदा संस्थेच्या खात्यावर येतो, खर्च झाल्यावर विनियोगाचं प्रमाणपत्र संस्थेलाच द्यावं लागतं. कुणीतरी जबाबदार पाहिजे. सही नकोच, असं म्हणणारा मी नाही. पण जबाबदारी म्हणून ठेवलेली सही मेहेरबानी कधी झाली, हे आपल्याला विचारायचं आहे.

माझा एक दोस्त याच भागातला. विषय त्यानं असा घेतला: इथला तेरणा साखर कारखाना हंगामच्या हंगाम बंद राहिला, तेव्हा कामगार गेले कुठं? कोण पुण्याला वॉचमन झाला, कोण कोयता घेऊन ऊसतोडीला गेला, कुणाच्या पोरींची शाळा सुटली? सोन्यासारखा विषय. आमच्या आयाबापांचा इतिहास, आमच्याच पोरानं लिहायचा. त्यानं अर्ज तयार केला, खर्चाचा अंदाज काढला, विद्यापीठात नेऊन दिला. कुठलं विद्यापीठ ते सांगत नाही. नाव घेतलं की एक बाबू सापडतो आणि सगळी पद्धत निसटून जाते.

मार्गदर्शकाची सही झाली. विभागप्रमुख दौऱ्यावर. ते आले तर फाईल लेखा विभागात. तिथं प्रवासखर्चाचा आकडा चुकीच्या रकान्यात म्हणून परत. दुरुस्त करून दिला, तर साहेब मीटिंगला. दोन खाडे करून मी त्याच्यासोबत त्या व्हरांड्यात बसलो. शिपाई सांगायचा, टेबलावर आहे. कुणाच्या टेबलावर? टेबलावर. शेवटची तारीख उलटली आणि चौथ्या दिवशी सही मिळाली! सुरेख निळ्या शाईची. शिक्का अगदी सरळ उठलेला.

दोस्तांनो, त्याला नाही कुणी म्हटलंच नाही. नाही म्हटलं असतं तर भांडलो असतो, वर गेलो असतो. पूर्वी तोंडावर सांगायचे, तुम्हाला शिकायचा अधिकार नाही. आता सांगतात, उद्या या. पहिल्या वाक्याविरुद्ध आंदोलन करता येतं. दुसऱ्याविरुद्ध काय करणार? म्हणून ते जास्त विषारी आहे.

इथून जवळच कसबे तडवळे. २२ आणि २३ फेब्रुवारी १९४१ ला तिथं महार-मांग वतनदार परिषद झाली, बाबासाहेब स्वतः आले होते. फोटोला हार घालायचा असेल तर खुशाल घाला, पण आधी त्यांच्या शिक्षणाची कागदपत्रं वाचा. ४ जून १९१३ ला त्यांनी बडोदे सरकारशी करार केला. दरमहा साडेअकरा पौंड शिष्यवृत्ती आणि परतल्यावर दहा वर्षं नोकरी. अट कडक होती, पण लेखी होती. १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपली, लंडनचा अभ्यास अर्धा टाकून त्यांना परतावं लागलं. तेव्हा लंडन विद्यापीठानं चार वर्षांच्या आत येऊन तो पुरा करायची परवानगी दिली. सिडनहॅम कॉलेजातल्या पगारातली शिल्लक, शाहू महाराजांची मदत, नवल भथेना या पारशी मित्राकडून घेतलेले पैसे, एवढ्यावर ते १९२० ला परत गेले. १९२३ ला डी.एस्सी. झाले. गरिबी होती, जात होती, समुद्र आडवा होता. पण हातात तारीख होती. चार वर्षं म्हणजे चार वर्षं. आमच्या पोराला तीही देत नाहीत.

उलट बाजू बघा. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव केला. मंजुरी झाली! अंमल कधी? १४ जानेवारी १९९४ ला, तोही नामविस्तार म्हणून. मधल्या साडेपंधरा वर्षांत घरं जळली, माणसं मेली. मंजुरी आणि अंमल यांच्यामध्ये जी मोकळी जागा असते, तिथं आपली माणसं मरतात.

पैसा मंजूर झाल्यावरही सुटका नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या फेलोशिपसाठी पद्धत अशी बसवली गेली की दर महिन्याला विद्यापीठातल्या एकानं संगणकावर नोंद भरायची आणि दुसऱ्यानं ती तपासून पुढं पाठवायची. एक जण रजेवर गेला की पोराची खानावळ बंद. रोहित वेमुला हैदराबाद विद्यापीठात होता. १७ जानेवारी २०१६ ला तो गेला, तेव्हा त्याची सात महिन्यांची फेलोशिप थकली होती. १ लाख ७५ हजार रुपये. ते घरच्यांना मिळावेत, एवढं तो शेवटच्या पत्रात सांगून गेला. मरतानाही पोराला थकबाकीचा हिशेब मांडावा लागला! त्यावर कुठला शिक्का मारणार?

आता गोदीची गोष्ट. जहाजातून माल उतरला की त्याला नंबर पडतो. शेडमध्ये किती दिवस फुकट ठेवायचा ते ठरलेलं असतं. त्यापुढं डॅमरेज चढतं, रोजच्या रोज. लोखंडाच्या कांबीला, डाळीच्या गोणीला ही व्यवस्था आहे. कारण तिथं शेठचा पैसा अडकलेला असतो. पोराच्या अर्जाला ना नंबर, ना दिवस, ना डॅमरेज. तिथं कुणाचं काय अडकलंय? फक्त एका पोराचं वय.

म्हणून माझं मागणं साधं आहे. अर्ज दिला त्या दिवशी आवक क्रमांकासह पावती द्या. सहीला कामाचे दिवस ठरवा आणि ते भिंतीवर लिहा. त्रुटी असतील तर सगळ्या एकदम, लेखी सांगा. नकार द्यायचा तर कारणासह द्या, म्हणजे आम्ही वर दाद मागू. महाराष्ट्रात २०१५ पासून लोकसेवा हक्क कायदा आहे. दाखल्याला मुदत असते हे त्यानं सरकारी कचेऱ्यांना शिकवलं. या सहीलाही तशीच मुदत हवी. तोवर माहितीचा अधिकार वापरा, २००५ चा कायदा आहे. माझी फाईल कोणत्या तारखेला कोणाच्या टेबलावर होती, एवढंच विचारा. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. टेबलाला नाव मिळालं की टेबल हलायला लागतं.

आणि एकट्यानं जाऊ नका. एकटा गेला की तो याचक होतो, दहा जण गेले की चौकशी होते. शहरातल्या मित्रांनो, हे तुम्हालाही सांगतो. मोर्च्यात घसा फोडणं सोपं आहे. गावाकडच्या पोरासोबत चार दिवस व्हरांड्यात बसणं अवघड. तेही करा. ज्याला अर्ज लिहिता येतो त्यानं दुसऱ्याचा लिहून द्यावा. ज्याला खर्चाचे रकाने कळतात त्यानं शिकवावं. पावत्यांची एक वही ठेवा. त्यात तारखा लिहा. त्या वहीला मी कवितेपेक्षा कमी मानणार नाही.

माझ्या दोस्तानं विषय सोडलेला नाही. कारखान्याच्या कामगारांची नावं तो रविवारी, पदरच्या पैशानं, लिहून घेतोय. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करणार आहे. या वेळी आम्ही वीस जण सोबत जाणार.

जय भीम.