जुनी फटफटी आणि तिचा धनी



वसंतातल्या व्याख्यानांची प्रथा न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये पुण्यास घालून दिली. त्या प्रथेतल्या एका व्यासपीठावर उभे राहून आज आम्ही फटफटीच्या साखळीविषयी बोलणार आहोत. काल येथे संतवाङ्मयावर व्याख्यान झाले, उद्या अर्थसंकल्पावर व्हावयाचे आहे. मध्येच हे वंगणाचे डाग कोठून आले, असे कोणाच्या मनात आले असल्यास त्यात त्यांचा दोष नाही. निमंत्रण घेऊन आलेल्या चिटणिसांस आम्हीही तेच विचारले. ते म्हणाले, "रविवारी सकाळी तुमच्या दारात चार माणसे उभी असतात. त्यांना जे सांगता तेच येथे सांगा." तेव्हा जमले तर पाहावे, एवढ्या बोलीवर आम्ही उभे आहो.

आम्ही राहतो रोडपालीस. सिडकोची कळंबोली वसाहत भोवताली वाढली आणि गाव तिच्यात मिसळून गेले. एका अंगास खाडी, दुसऱ्या अंगास लोखंडाचा बाजार, पलीकडे तळोज्याचे कारखाने. लोखंडाच्या बाजाराशेजारी राहून 'नट मिळाला नाही' अशी सबब सांगण्याची सोय आम्हांस राहिलेली नाही. मौज अशी की मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग कळंबोलीपासून, म्हणजे जवळजवळ आमच्या उंबऱ्यापासूनच सुरू होतो. पण दुचाकीला त्यावर मज्जाव. आम्ही आपले जुन्या रस्त्याने शेडुंग, चौक, खालापूर, खोपोली असे जातो, आणि या वयात तेच बरे.

आमची गाडी १९८८ सालची बुलेट. साडेतीनशेची म्हणतात, पण नेमके माप ३४६ घनसेंटिमीटर. आम्ही ती दुसऱ्या हाताची घेतली. हिची कुळकथा थोडी सांगितली पाहिजे. मूळची ही इंग्लंडातल्या रेडिच गावची. १९५० नंतरच्या पहिल्या वर्षांत आपल्या लष्कराने सीमेवरच्या गस्तीसाठी ही गाडी पसंत केली, आणि १९५५ मध्ये मद्रासला एनफिल्ड इंडिया ही कंपनी उभी राहिली. आधी तिकडून आलेले भाग येथे जोडीत, मग सगळीच गाडी येथे होऊ लागली. पुढे १९७० च्या सुमारास मूळ विलायती कंपनीने राम म्हटला. मद्रासेत मात्र तेच ओतीव लोखंडी इंजिन थोड्याफार फरकाने २०१० च्या सुमारापर्यंत निघत राहिले. माहेर बुडाले आणि सासरी नांदती राहिली, अशातला प्रकार. याचा आमच्यासारख्यांस फायदा इतकाच, की तीस-चाळीस वर्षांच्या गाडीचा सुटा भाग अजून दुकानात मागता येतो. आणि दुसरे असे, की हे यंत्र ज्या काळी आखले गेले त्या काळी धन्याच्या हाती पाना असणार हे आखणाराने गृहीत धरले होते.

आपल्याकडे तो काळ फार दूर नाही. आकुर्डीच्या बजाज स्कूटरी ज्यांनी वापरल्या त्यांस आठवेल: स्कूटर सुरू होईना की तिला एका कुशीवर तिरपी करावयाची, मग लाथ मारावयाची. तेवढ्यानेही भागले नाही तर प्लग काढून काचकागदाने घासावयाचा, फुंकर घालावयाची आणि घड्याळाकडे पाहत पुन्हा बसवावयाचा. शाळामास्तर, बँकेतले कारकून, एल.आय.सी.चे विमेवाले, सगळ्यांस हे येत असे. त्याला कोणी 'दुरुस्ती' म्हणत नसत. तो प्रातर्विधीचाच भाग होता. आजच्या गाडीत पेट्रोल किती सोडावे याचा निर्णय एक लहानसा संगणक करतो. त्याने मान टाकली तर रस्त्याच्या कडेला तुम्हांआम्हांस काही करता यावयाचे नाही; पण तो सहसा मान टाकीत नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. जुने ते सगळे सोने, असे म्हणणाऱ्यांपैकी आम्ही नव्हे. आमच्या गाडीखाली रोज तेलाचा एक ठिपका पडतो. बुलेटवाले त्यावर विनोद करतात की ठिपका दिसतो तोवर तेल आहे अशी खात्री असते. घरच्या मंडळींस हा विनोद अद्याप पटलेला नाही.

आता कामे कोणती? खरे पाहता ती थोडीच आहेत. ठिणगी योग्य क्षणी पडावी म्हणून पॉइंट नावाची एक लहानशी जोडी उघडमीट करीत असते. तिच्यातली फट ०.३५ ते ०.४० मिलिमीटर ठेवावयाची. ती फीलर गेजच्या पातळ पात्याने मोजतात. पाते आत सरकले पाहिजे, पण किंचित चिकटून. 'किंचित' म्हणजे किती, हे पुस्तकात लिहिलेले नसते. टॅपेटचेही तसेच. आम्ही पहिल्या वर्षी पुस्तक उघडे ठेवून टॅपेट जुळविले, आणि गाडी शिवणयंत्रासारखी खडखडू लागली. तेव्हा पनवेलच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडे गेलो. त्यांनी पुस्तकाकडे पाहिलेही नाही. इंजिन पुरते थंड होऊ दिले, पिस्टन दाबाच्या शेवटी अगदी वर आणला, झाकण काढून आतली उभी दांडी दोन बोटांत धरली आणि कापसाची वात वळावी तशी फिरविली. "फिरली पाहिजे. पण वरखाली हलता कामा नये. बघा." आम्ही पाहिले. मग त्यांनी आमच्याकडून ते सैल करविले, पुन्हा आवळविले, असे सात वेळा. सातव्या वेळी बोटांस समजले. त्या कामाचे त्यांनी पैसे घेतले नाहीत, म्हणाले, "काम तुम्ही केलंत."

आमच्याकडचा मोठा शत्रू मात्र इंजिनात नसतो, तो हवेत असतो. खाडीवरून खारा वारा येतो, आणि त्यात कोकणचा पाऊस. चाकाच्या तारा, ब्रेकचे सांधे, क्लचची केबल यांस महिनाभर विसरलात की गंज चढलाच. म्हणून मृग लागण्यापूर्वी आमचा एक ठराविक रविवार जातो. केबलीचे वरचे टोक सोडवून त्याभोवती मुलांच्या खेळातल्या मातीची वाटी करावयाची, तीत तेल ओतावयाचे आणि रात्रभर ते आपोआप खाली उतरू द्यावयाचे. सकाळी खालच्या टोकाशी काळा थेंब आला की समजावे, तेल पोहोचले. नवी केबल जुन्या केबलीशेजारीच बांधून ठेवावी, म्हणजे वाटेत तुटली तर फक्त टोके बदलावी लागतात. आणि पाने चांगले घ्यावे. या जुन्या गाड्यांचे पुष्कळसे नट ब्रिटिश मापाचे आहेत. त्यांस मिलिमीटरचा पाना 'जवळपास' बसतो, आणि त्या जवळपासपायी नटाचे सहाही कोपरे झिजून तो लाडवासारखा गोल होतो.

आता साखळी. तिच्याचसाठी आम्ही खरे तर येथे उभे आहो.

मागच्या चाकाची साखळी एका जोडकडीने बंद केलेली असते, आणि त्या कडीवर माशाच्या आकाराची एक चपटी क्लिप बसते. तिची एक बाजू बंद, दुसरी फाकलेली. नियम एकच: बंद बाजू साखळी धावते त्या दिशेस असावी, फाकलेले तोंड मागे. मासा डोके पुढे करून पोहतो, इतके ध्यानात ठेवले की झाले. उलटी बसविली तर धावताना कशास तरी घासून ती निसटू शकते.

२००६ सालच्या दिवाळीतली गोष्ट. भाऊबीजेस आमच्या सौभाग्यवतींस पुण्यास भावाकडे जावयाचे होते. आदल्या रात्री अकरा वाजता, बॅटरीच्या उजेडात, आम्ही साखळी रॉकेलने धुऊन परत बसविली. सकाळी निघालो. खोपोली सोडली, घाट चढू लागलो. शिंग्रोब्याचे देऊळ अजून वर होते. एकाएकी इंजिन मोकाट गर्जले आणि गाडी जागीच थबकली. मग मागे येऊ लागली. मागे बसलेल्या माणसास घेऊन चढावर मागे येणारी गाडी कशी असते ते शब्दांत सांगता यावयाचे नाही. दोन्ही ब्रेक दाबून धरले. पाठीमागे एक टेंपो होता. त्याचा ब्रेक वेळेवर लागला. त्यातला पोरगा उडी टाकून आला आणि त्याने चाकाखाली धोंडा सरकविला. साखळी वीस हात खाली रस्त्यावर पडलेली होती. जोडकडीची जादा जोडी आम्ही घेतलेली होती. पण ती घरी, खिडकीतल्या बरणीत.

पाऊण तासाने एक तरुण बुलेटवाला थांबला. त्याच्या पेटीत जोडकडी होती. त्याने ती स्वतःच बसविली, बसविताना क्लिपचे तोंड आम्हांस दाखविले आणि म्हणाला, "मिस्त्रीनं उलटी घातली असणार, काका. कुठं केलं होतंत काम?"

आम्ही म्हणालो, "पनवेलला."

"नाव सांगा, म्हणजे मी त्याच्याकडे जाणार नाही."

आम्ही म्हणालो की नाव आता आठवत नाही. तो हसला. पैसे देऊ केले ते त्याने घेतले नाहीत, आणि निघून गेला. सौभाग्यवती शेजारीच उभ्या होत्या. रात्री अकरा वाजता बॅटरी त्यांनीच धरली होती. लोणावळ्यास चहा घेईपर्यंत त्या एक अक्षर बोलल्या नाहीत. आणि तेथेही त्या एवढेच म्हणाल्या की चहात साखर कमी आहे.

आपल्या हाताने दुरुस्ती करावी याचे पुष्कळ गुण गाइले जातात: पैसे वाचतात, गाडी कळते, वेळ चांगला जातो. ते सगळे खरे आहे. पण काम बिघडले तर बोट दाखविण्यास दुसरा कोणी उरत नाही, ही त्यातली अडचण कोणी सांगत नाही. आम्हांस ती घाटात कळली, आणि कळताक्षणीच आम्ही दुसरा कोणी पैदा केला.

त्यानंतर आम्ही एक वही घातली. तारीख, किती किलोमीटर झाले, काय केले, आणि शेवटचा रकाना 'कोणी केले'. त्या रकान्यात बहुतेक ठिकाणी आमचेच नाव आहे. काही ठिकाणी नाही, कारण काही कामे आम्ही करीत नाही आणि तुम्हीही करू नये. सिलिंडर घासून मोठा करणे, क्रँकची दांडी बदलून ती सरळ बसविणे, ही यंत्रशाळेतली कामे. तेथे हौस उपयोगी नाही. ब्रेकचे काम मात्र आम्ही करतो, पण दिवसा. आणि झाल्यावर घरापासून तळ्यापर्यंत सावकाश एक फेरी मारल्यावाचून कोणास मागे बसवीत नाही. रात्री साखळीस हात लावीत नाही.

दिवाळीनंतर महिन्याभराने आम्ही त्या म्हाताऱ्या मिस्त्रींकडे गेलो. पनवेलमध्ये बुलेटचे काम करणारे मिस्त्री तेव्हा असे कितीसे होते? आम्ही झाला प्रकार सांगितला. ते एका कार्बुरेटरचे जेट फुंकीत होते. फुंकून झाले, उजेडाकडे धरून पाहिले, पुन्हा फुंकले.

मग म्हणाले, "तो पोरगा पनवेलचाच असला तर?"

आमच्यापाशी उत्तर नव्हते. त्यांनी जेट बसविले, हात पुसले, आणि आमच्या गाडीपाशी उकिडवे बसून क्लिपचे तोंड कोणीकडे आहे ते पाहिले.