ग्रुप बिल्ड: आठव्या आठवड्यातली शांतता

आजचा विषय स्केल मॉडेलिंगचा, त्यातही ग्रुप बिल्डचा. ज्यांना हा शब्द नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. एक विषय ठरवायचा, तारखा ठरवायच्या, आणि प्रत्येकाने आपापल्या घरी त्या विषयावरचं एक मॉडेल बनवायचं. वाटेत फोटो टाकायचे, अडलं की विचारायचं, आणि शेवटी सगळी मॉडेल्स एका टेबलावर मांडायची.

मी दिवसा कोड लिहितो आणि रात्री १/७२ स्केलची विमानं चिकटवत बसतो. आमच्या पुणे-मुंबई-नाशिकच्या चौदा जणांच्या ग्रुपचे बिल्ड सध्या मी सांभाळतो. त्यातून एक गोष्ट कळली ती अशी: ग्रुप बिल्ड सुरुवातीला बुडत नाही, तेव्हा सगळेच जोशात असतात. ते बुडतं मध्यावर. फोटो कमी होतात, मग थांबतात, आणि कुणीच काही बोलत नाही. म्हणून आयोजकाचं खरं काम त्या मधल्या शांततेची आधीच सोय करून ठेवणं.

मागच्या बिल्डचंच उदाहरण घेऊ. विषय होता १९७१ चं युद्ध, आणि शेवटची तारीख विजय दिवस, म्हणजे १६ डिसेंबर.

पहिली गोष्ट, विषयाची रुंदी. नुसतं 'भारतीय विमानं' म्हटलं असतं तर प्रत्येक जण वेगळ्याच जगात राहिला असता. '१९७१' म्हटल्यावर लोंगेवालाला रणगाडे टिपणारी हंटर आली, नॅट आलं, मिग-२१ आलं, 'विक्रांत'वरून उडालेलं सी हॉक आलं, गरीबपूरचा पीटी-७६ रणगाडा आला. मॉडेल वेगवेगळी, पण गप्पा एकाच गोष्टीच्या. एकाचा संदर्भफोटो दुसऱ्याच्या कामी येतो. आमच्यातला एक जण गोव्याला गेला होता, त्याने तिथल्या नौदलाच्या विमान संग्रहालयातल्या सी हॉकचे चाकांच्या खोबणीपर्यंतचे फोटो काढून आणले. ते त्याच्या स्वतःच्या मॉडेलसाठी नव्हतेच!

दुसरी गोष्ट, स्केल. हे आधी ठरवाच. नॅटची खरी लांबी पावणेनऊ मीटरच्या आसपास, म्हणजे १/७२ मध्ये ते जेमतेम १२ सेंटिमीटर. तळहातावर मावतं. पण 'विक्रांत' त्याच स्केलमध्ये करायला गेलात तर जवळपास ३ मीटर! म्हणून विमानं आणि रणगाडे १/७२, जहाज करायचं असेल तर १/७००, असं लिहूनच टाकलं. १/७०० ची 'विक्रांत' साधारण एका फूटपट्टीएवढी होते.

तिसरी गोष्ट, किट हातात असल्याशिवाय नाव नोंदवायचं नाही. आपली बरीचशी किट्स बाहेरून येतात, कस्टममध्ये किती दिवस जातील सांगता येत नाही. शिवाय खोक्यावरचं नाव नीट वाचायचं. एअरफिक्सचं १/७२ नॅट हे ब्रिटिशांचं दोन सीटचं ट्रेनर आहे. आपल्याकडचं लढाऊ नॅट एका सीटचं. पैसे खर्च झाल्यावर हे कळलं तर माणूस तिथेच खचतो. म्हणून आम्ही खरेदीच्या आधीच ग्रुपवर खोक्याचा फोटो टाकायला लावतो.

चौथी गोष्ट, पाऊस. परदेशातल्या ग्रुप्सचं वेळापत्रक जसंच्या तसं उचलू नका. आपल्याकडे जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत लॅकर मारलं की त्यावर पांढरट धुकं बसायची शक्यता असते. सोळा आठवड्यांचा बिल्ड आम्ही ऑगस्टच्या शेवटी सुरू केला. कॉकपिट, जोडणी, पुट्टी, घासकाम पावसात. रंग दसऱ्यानंतर. दिवाळीच्या आठवड्यात काहीच अपेक्षा नाही, कारण घरात पाहुणे असताना कॉम्प्रेसर लावून दाखवा बरं!

सुरू करताना मॉडेल २५ टक्क्यांपेक्षा जास्त झालेलं नसावं, हा नियम बऱ्याच ग्रुप्समध्ये असतो, आम्हीही तोच ठेवला. आणि 'पूर्ण' म्हणजे काय तेही लिहिलं: रंग, डिकॅल आणि शेवटचा मॅट कोट झाला की पूर्ण. दोरखंड, अँटेना, डायोरामा हे ऐच्छिक. ऑफिसात 'झालं' या शब्दावरून जेवढी भांडणं होतात तेवढी इथे नकोत.

आता मूळ मुद्दा. आठवा आठवडा, दिवाळीच्या तोंडावर. दर रविवारी एक फोटो टाकायचा, कितीही कमी काम झालेलं असो, असं ठरलं होतं. 'का नाही झालं' हे कुणी विचारायचं नाही, फक्त 'आता कुठल्या पायरीवर आहे' एवढंच. सलग दोन रविवार फोटो आला नाही की मी फोन करतो. ग्रुपवर नाव घेऊन टोकत नाही.

असाच आमच्यातल्या एका काकांना फोन केला. बँकेतून निवृत्त झालेले, नॅट करत होते. त्यांचे थोरले भाऊ हवाई दलात ग्राउंड क्रूला होते, १९७१ साली नॅटवरच. काका म्हणाले, "अरे, रंग झालाय. पण हात थरथरतो. ते डिकॅल पाण्यातून काढून जागेवर सरकवायला जातो आणि फाटतं. माझं नाव काढून टाक."

ग्रुपमधल्या इंजिनीअरिंगच्या एका मुलाने लगेच म्हटलं, मी लावून देतो. आणि वाद सुरू झाला. नियम होता, ज्याचं मॉडेल त्याचेच हात. काही जण म्हणाले, आज डिकॅल, उद्या कुणी अख्खं मॉडेलच दुसऱ्याकडून करून घेईल. मुद्दा चुकीचा नव्हता. ज्याने रात्र-रात्र जागून स्वतः केलंय त्याच्यावर तो अन्याय होईल.

दोन दिवस बोलणं झालं आणि नियम बदलला. मदत घेता येईल, पण मॉडेलसमोरच्या कार्डावर कुणी काय केलं ते लिहायचं. स्पर्धा असती तर कदाचित हे चाललं नसतं. पण आम्ही बक्षीस ठेवलंच नव्हतं. चौदा मॉडेल्स एका टेबलावर यावीत, एवढंच ठरलं होतं.

१६ डिसेंबरला टेबलावर बारा मॉडेल्स होती. नॅटच्या कार्डावर दोन नावं: जोडणी आणि रंग काकांचे, डिकॅल त्या मुलाचे. भाऊ तब्येतीमुळे येऊ शकले नाहीत. संध्याकाळी काकांनी डब्यात फोम घालून नॅट त्यांच्याकडे नेलं. तो मुलगा डबा धरायला सोबत गेला.

राहिलेल्या दोघांची मॉडेल्स अर्धी आहेत. पण ती पुढच्या बिल्डमध्ये २५ टक्क्यांच्या नियमातून सूट देऊन घ्यायची, असं आम्ही ठरवलंय. कपाटात अर्धं राहिलेलं किट बघून लोक हा छंदच सोडतात, हे मी पाहिलंय.

तर मंडळी, चार जण असाल तरी सुरू करा. विषय, स्केल, तारीख, 'पूर्ण'ची व्याख्या, सगळं अर्ध्या पानात मावतं. फक्त आठव्या आठवड्यात कोण कुणाला फोन करणार, ते पहिल्याच दिवशी ठरवा. भेटू पुढच्या भागात!