मूठभर डाळीचा हिशेब
(वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



यंदा बाहेरच्या पाहुण्या न बोलावता घरातल्याच एका बाईने बोलावे असे ठरले आणि नाव माझे निघाले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. मोठे बोलणे मला जमणार नाही. डाळतांदळाचा हिशेब मात्र कळतो, तेव्हा तोच मांडते.

मुष्टिफंड हा शब्द आपल्यातल्या वडीलधाऱ्या बायकांनी ऐकला असेल. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली. पुढे साताऱ्याच्या वसतिगृहात गोरगरिबांची मुले जमली, पण त्यांना खायला काय घालणार? लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा ठेवले नाही. आणि खेड्यापाड्यांतल्या घराघरांतून मूठ मूठ धान्य आले. देणाऱ्यांची घरे काही श्रीमंत नव्हती.

अमेरिकेत ॲरिझोना राज्यातल्या फिनिक्स शहरी जॉन व्हॅन हेंगेल या गृहस्थांनी १९६७ साली अन्नाची पेढी काढली. दुकानांमागे टाकलेल्या मालातून चांगले तेवढे वेचून मुलांना भरवणारी एक आई त्यांना भेटली होती. पैसे ठेवायला बँक असते, तशी अन्नाची का नसावी, असे तिनेच सुचवले म्हणतात. बाईलाच सुचायचे ते! तिथे डबा चेपला, वेष्टण फाटले की दुकानदार माल विकत नाही. आतले अन्न चांगलेच असते. तेच पेढीत जमा होते.

आपल्याकडे काय कमी आहे ते आधी पाहू. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने पात्र कुटुंबाला माणशी महिना ५ किलो धान्य मिळते, आणि २०२३ च्या जानेवारीपासून ते फुकट आहे. ही मोठीच सोय झाली. पण ते गहू, तांदूळ असे धान्य. भाताबरोबर काय? डाळ आणि तेल विकत घ्यावे लागते, आणि हात आखडला की पहिली कात्री डाळीलाच लागते. मुले पोटभर भात खातात आणि तरी किडकिडीत राहतात, ती यामुळे. शाळेत दुपारचे जेवण मिळते. मे महिन्याच्या सुट्टीत शाळा बंद, मग तेही बहुधा बंद.

म्हणून माझे म्हणणे असे की आपण तांदूळ गोळा करू नये, डाळ करावी. माझी मूठ मी काट्यावर घातली. ४० ग्रॅम भरली. रोज एक मूठ, अशी ४० घरे धरली तर महिन्याला ४८ किलो होते. एका घराला ४ किलो दिली तर १२ घरांची महिन्याची आमटी झाली. आपल्या घरात ती मूठ कमी झालेली कळणारसुद्धा नाही.

डाळी एकत्र करू नका. तूर शिजेपर्यंत मुगाचा लगदा होतो. मसूर लवकर शिजते, गॅस कमी लागतो, तीच बरी. ज्यांच्याकडे मसूर चालत नाही त्यांनी मूग द्यावी, पण वेगळ्या पिशवीत. आणि भुंगा लागलेली, आपल्याला नको झालेली डाळ देऊ नये. आपण जी खातो तीच द्यावी.

आता एक बोलते, कोणी राग मानू नये. देताना फोटो नको, व्यासपीठ नको, नावे पुकारणे तर मुळीच नको. ज्या घरात खरी ओढ असते, तिथली बाई चारचौघींत हात पुढे करायला येत नाही. ती दार लावून घेते. कोणाच्या घरी चूल केव्हा पेटते, हे अंगणवाडीच्या ताईंना आणि किराणावाल्याला बरोबर ठाऊक असते. त्यांना हळूच विचारावे. नावे दोघींनाच माहीत असावीत, तिसरीला नाही. डाळ दुकानातून सामानासारखी पुड्यात बांधून घरी जावी, म्हणजे शेजारणीलाही वाटेल की विकतच आणली. पुरुषमाणसांना हे सांगायची गरज नाही. सांगितले तर पावतीपुस्तक छापतील!

डबे कोणाकडे ठेवायचे ते आजच चहाच्या वेळी ठरवू. माझ्याकडे ओल येते, माझे घर धरू नका. घट्ट झाकणाचे दोन डबे लागतील, आणि तूर आलीच तर चोळायला थोडे एरंडेल.