मत ही कोणाची मिरास नव्हे



दहावीच्या एका विद्यार्थ्याने मला विचारले, "सर, ज्याचे रिश्तेदार इंग्लंडला आहेत, त्यांचा पक्ष कोणता?" त्याचे उत्तर आज आपणा सर्वांपुढे देतो.

दुसऱ्या महायुद्धानंतर भारत-पाकिस्तानातून हजारो मुसलमान ब्रिटनमध्ये गेले. कोणी कापड गिरणीत, कोणी बसवर काम धरले. बहुतेकांची मते मजूर पक्षाला मिळू लागली. कामगार संघटना त्या पक्षाच्या होत्या. वर्णभेदाविरुद्धचा पहिला कायदाही १९६५ साली त्याच पक्षाच्या सरकारने केला. उलट १९६८ साली हुजूर पक्षाच्या इनॉक पॉवेल यांनी बाहेरून येणाऱ्यांविरुद्ध जहाल भाषण केले. रोटी आणि इज्जत दोन्ही डावीकडे दिसत होती.

परंतु कुटुंब आणि मुलांचे संस्कार यांबाबत यांतील बरेच लोक रूढिप्रिय आहेत. २०१९ साली बर्मिंगहॅममध्ये समलिंगी कुटुंबांविषयीच्या पाठांविरुद्ध मुसलमान पालक शाळेबाहेर उभे राहिले. म्हणजे घरातील विचार उजवे आणि मत डावे! तरी उजव्यांचा परकीयांविषयीचा सूर अनेकांना दूरच ठेवतो.

मग २०२४ ची निवडणूक आली. मजूर पक्षाने ४११ जागा जिंकल्या. तरीही गाझाच्या प्रश्नावरील नाराजीमुळे लेस्टर साउथ, ब्लॅकबर्न, ड्यूसबरी अँड बॅटली आणि बर्मिंगहॅम पेरी बार येथे मुसलमान अपक्षांनी त्याला हरवले. पेरी बारमध्ये हरलेले खासदारही मुसलमानच होते. तेव्हा मतदारांनी नाव पाहिले नाही, भूमिका पाहिली. गृहीत धरलेले मत असे हातचे जाते. मात्र एकाच प्रश्नावर मत देणाऱ्यानेही विचार करावा, की शाळा, दवाखाना आणि रोजगार यांचे निर्णय सरकारच घेते.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. २०१६ साली लंडनचे महापौर झालेले सादिक खान मजूर पक्षाचे. २०१८ साली गृहमंत्री झालेले साजिद जाविद हुजूर पक्षाचे. दोघांचेही वडील पाकिस्तानातून आलेले बसचालक! शिक्षणाने दोघांना आपापला मार्ग निवडता आला.

म्हणून त्या विद्यार्थ्याला मी म्हणालो, "बेटा, मुसलमानाचा ठरलेला पक्ष नसतो. त्याला ईमान असते आणि अक्कल असते." पालकहो, अठरा वर्षांच्या मुलाला कोणाला मत दे हे सांगण्याआधी जाहीरनामा वाचायला शिकवा. जो वाचतो, त्याचे मत कोणी गृहीत धरीत नाही.