द्वारकेच्या औषध दुकानातून



नाशिकच्या द्वारका चौकाजवळ माझं औषधांचं दुकान आहे. मुंबई-आग्रा महामार्ग आणि पुण्याचा रस्ता इथे मिळतात. डोक्यावरून उड्डाणपूल जातो, खाली एसटी, रिक्षा, टेम्पो आणि काठे गल्लीकडे वळणाऱ्या दुचाकी. 2021 साल संपायला चार दिवस उरले होते. त्या वर्षाविषयी बोला, असं मला सांगण्यात आलं तेव्हा त्यातला एप्रिल महिना डोळ्यांसमोर आला. औषध देणं हे आमचं काम. त्या महिन्यात मात्र औषध नाही, हे सांगण्यातच आमचा दिवसाचा मोठा भाग जायचा. आज बोलायचं आहे ते त्या कामाविषयी.

त्याआधीचं वर्ष वेगळं होतं. 2020 च्या मार्चअखेर करोनामुळे बहुतेक सगळं बंद झालं, औषध दुकानं उघडी राहिली. मुंबई, कल्याण, भिवंडीकडून निघालेले मजूर कसारा घाट चढून, इगतपुरी ओलांडून इथे पोचायचे आणि पुढे धुळ्याच्या दिशेने चालू लागायचे. कुणाला उत्तर प्रदेश गाठायचं होतं, कुणाला मध्य प्रदेश. ते मागायचे ओआरएसची पाकिटं, कापूस, चिकटपट्टी, गुडघ्याला चोळायचं मलम. टाचेचा फोड फुटलेला एक तरुण पायरीवर बसून पट्टी लावत होता. उरलेल्या पट्ट्या त्याने बायकोकडे दिल्या, तिने त्या पदराच्या गाठीत बांधल्या आणि दोघं उठून चालायला लागली. पुढे 1 मेच्या रात्री नाशिकरोडहून भोपाळसाठी श्रमिक विशेष गाडी सुटली, दुसऱ्या दिवशी लखनौची. तेव्हा या चौकातल्या आम्हा सगळ्यांनाच हायसं वाटलं.

त्या वर्षी माल होता, माणसं थकलेली होती. 2021 च्या एप्रिलमध्ये मालच नव्हता.

करोनासाठी दिली जाणारी रेमडेसिवीर, फॅविपिरावीर ही औषधं, ऑक्सिमीटर, काही दिवस तर तापाच्या साध्या गोळ्यासुद्धा. गोळे कॉलनीत आमचे होलसेलवाले आहेत. सकाळी फोन लावला की पलीकडून एकच उत्तर यायचं, ‘माल शॉर्ट आहे.’ इकडे दुकानात लोक एकमेकांना वेगळेच प्रश्न विचारत होते. सीटी स्कॅनचा स्कोअर किती? ऑक्सिजन किती? ब्याण्णव, अठ्ठ्याऐंशी. परीक्षेचे मार्क सांगावेत तसे हे आकडे लोकांच्या तोंडी बसले होते.

दुकानातल्या मुलांना मी तेव्हा एक गोष्ट पक्की सांगितली होती. नसेल तर लगेच नाही म्हणायचं. ‘संध्याकाळी बघा’, ‘येईल बहुतेक’ असं कुणाला म्हणायचं नाही. ऐकायला गोड वाटणाऱ्या या उत्तरापायी माणूस चार तास आशेवर राहतो आणि ते चार तास त्याच्या रुग्णाजवळून वजा होतात. शॉर्ट असलेल्या औषधांची नावं आम्ही रोज सकाळी कागदावर लिहून शटरशेजारी लावत होतो. दुसऱ्या कुणाकडे माल आहे असं कळलं, तर त्याच्या दुकानाचं नावही त्याच कागदावर लिहीत होतो.

सिन्नरकडून आलेल्या एक ताई मला अजून आठवतात. चिठ्ठीवर रेमडेसिवीरच्या सहा कुप्या लिहिलेल्या होत्या. नवरा शहरातल्या एका दवाखान्यात होता आणि त्या सकाळपासून दुकानामागून दुकान पालथं घालत होत्या. एका ठिकाणी त्यांना दुपारी या म्हणून सांगितलं होतं. मी त्यांना बसायला खुर्ची दिली आणि म्हणालो, ताई, हे इंजेक्शन आता कुठल्याच दुकानात मिळणार नाही. वाटप जिल्हाधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली थेट रुग्णालयांना होतंय. मागणी तुमच्या दवाखान्याने नोंदवायची असते, तुम्ही उन्हात फिरू नका. त्यांनी चिठ्ठीची घडी केली, पिशवीत ठेवली आणि म्हणाल्या, ‘मग मी त्यांच्यापाशीच जाऊन बसते.’

या इंजेक्शनने जीव वाचतो याला पुरेसा पुरावा नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने 2020 च्या नोव्हेंबरमध्येच म्हटलं होतं आणि ते वापरू नये असा सल्लाही दिला होता. तरी त्यासाठी राज्यभर रांगा लागल्या, लोकांनी दागिने मोडले, आणि काहींनी ते काळ्या बाजारात विकून पैसा केला. पोलिसांनी ठिकठिकाणी अशी माणसं पकडली. त्यांत आमच्या व्यवसायातलेही होते, याची मला आजही लाज वाटते. त्यांना माफी नाही.

21 एप्रिलची दुपार मात्र या सगळ्यावर कडी करणारी ठरली. महापालिकेचं डॉ. झाकीर हुसेन रुग्णालय आमच्या द्वारका भागातलंच. तिथल्या द्रवरूप ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली. हा ऑक्सिजन उणे 183 अंशांच्या आसपास साठवलेला असतो. बाहेर पडताच हवेतली वाफ गोठून पांढरे लोट उठतात. तसे ते आवारभर पसरले आणि आत वॉर्डांमध्ये नळ्यांमधला दाब उतरत गेला. नातेवाईक हाताला लागेल ते सिलिंडर ओढत रुग्णांकडे धावत होते. गळती थांबवली गेली, पण तोवर बावीस माणसं गेली होती. पुढे हा आकडा वाढला. सरकारने चौकशी समिती नेमली, वारसांना प्रत्येकी पाच लाखांची मदत जाहीर केली. त्या संध्याकाळी काउंटरसमोर माणसं होती, पण कुणी मोठ्याने बोलत नव्हतं.

त्यानंतर तीनच दिवसांनी, 24 एप्रिलला, विशाखापट्टणमहून निघालेली देशातली पहिली ऑक्सिजन एक्स्प्रेस नागपुरात तीन टँकर उतरवून उरलेले चार घेऊन नाशिकरोडला आली. त्या दिवशी शहराने सुटकेचा निःश्वास टाकला. मे महिन्यात म्युकरमायकोसिस या बुरशीच्या आजारावरच्या इंजेक्शनांसाठी पुन्हा तीच धावपळ झाली. जूनपासून गर्दी ओसरत गेली.

मग डिसेंबर आला. घटस्थापनेपासून मंदिरं उघडली होती. त्या महिन्याच्या सुरुवातीला आपल्या शहरात साहित्य संमेलन झालं, पुस्तकांच्या दालनांत गर्दी झाली. ते पाहून मलाही बरं वाटलं. पण त्याच आठवड्यात करोनाच्या ओमायक्रॉन या नव्या प्रकाराचा राज्यातला पहिला रुग्ण डोंबिवलीत सापडला, आणि वर्षाच्या शेवटी दुकानात पुन्हा मास्कची विचारणा सुरू झाली.

मला भीती वाटते ती विसरण्याची. एप्रिलनंतर रुग्णालयांतून ऑक्सिजनचे प्रकल्प उभे राहिले, ही चांगलीच गोष्ट झाली. पण त्यांचे व्हॉल्व्ह कोण तपासतं, रात्रपाळीला ते चालवणारा माणूस असतो का, सुटे भाग जवळ ठेवलेले असतात का, हे शांततेच्या काळातच विचारायला हवं. आपल्या प्रभागाच्या नगरसेवकाला विचारा, रुग्णालयाच्या अधीक्षकांना विचारा. एकदा विचारून थांबू नका. झाकीर हुसेन रुग्णालयात माणसं गमावलेल्या घरांनी जे सोसलं, त्यानंतर असं विचारणं हा आपला हक्कच आहे.

आणि लशीचं. पहिला डोस घेऊन दुसऱ्याला न गेलेली पुष्कळ माणसं मला तेव्हा रोज भेटत होती. आता कुठे आहे करोना, असं म्हणायची. 3 जानेवारी 2022 पासून 15 ते 18 वर्षांच्या मुलांचं लसीकरण सुरू होणार होतं, तेव्हा केंद्रांवर पुन्हा गर्दी वाढणार होती. कोव्हिशील्डच्या पहिल्या डोसाला 84 दिवस झाले असतील किंवा कोव्हॅक्सिनच्या पहिल्या डोसाला 28, तर या आठवड्यातच जाऊन या, असं मी त्यांना सांगत होतो. घरातल्या म्हाताऱ्या माणसांचा डोस राहिला असेल तर त्यांनाही बरोबर न्या, असंही म्हणत होतो. सरकारी केंद्रावर तेव्हा लस मोफत मिळत होती.