अंध विक्रेत्याचे गिऱ्हाईक



आमच्या बाजाराच्या तोंडाशी एक अंध गृहस्थ उदबत्ती, कापूर, फुलवाती, मेणबत्त्या विकायला बसतात. पुष्कळ दिवस मी त्यांच्यापुढे दहा रुपये ठेवी आणि काही न घेता पुढे जाई. पुण्य पदरात पडले अशी माझी समजूत! एके दिवशी त्यांनी हाक मारली, "वहिनी, पैसे ठेवलेत, माल राहिला." मी म्हटले, "असू द्या." ते म्हणाले, "मग पैसेही तुमच्याजवळच असू द्या. मी धंदा करतो." मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

तेव्हापासून मी त्यांचे गिऱ्हाईक झाले. कोणता पुडा कोठे आहे हे त्यांच्या बोटांना पाठ असते. अडते ते नोटांपाशी. जुन्या शंभराच्या आणि पाचशेच्या नोटेत लांबीचा एक सेंटिमीटर फरक होता. 2017 साली दोनशेची नोट आली, 2018 साली शंभराची लहान झाली. मी घरी शिवणाच्या टेपने मोजून पाहिले. शंभराची 142 मिलिमीटर, दोनशेची 146. चार मिलिमीटर म्हणजे दोन टाक्यांचे अंतर! शंभराच्या नोटेवर बोटाला लागेल असा त्रिकोण आहे, पाचशेच्या नोटेवर वर्तुळ. पण घामाने व घड्यांनी ते झिजून सपाट होतात.

रिझर्व्ह बँकेने 2020 साली 'मनी' नावाचे अ‍ॅप काढले. फोन नोटेसमोर धरला की तो किंमत बोलून दाखवतो. सोय चांगली आहे. पण दिवाळीच्या गर्दीत एका हातात कापूर, दुसऱ्या हातात सुटे पैसे, मग तिसरा हात आणायचा कोठून?

गेल्या दिवाळीतच कोणा बाईने शंभराची नोट दोनशेची म्हणून दिली. घाऊक दुकानात गेल्यावर ते त्यांना कळले. एका पुड्यामागे दोन रुपये सुटतात. म्हणजे पन्नास पुड्यांची कमाई गेली. "आवाज ओळखीचा होता," एवढेच ते म्हणाले. नाव काही सांगेनात. मुद्दाम केले असेल असे मला वाटत नाही. माझ्याही पाकिटात त्या दोन नोटा शेजारी-शेजारी असतात. घरी येऊन मी त्या दिवसाचा हिशेब काढून बसले. खर्च लिहिला होता, कोणती नोट दिली ते कोण लिहिते? मनाची रुखरुख गेली नाही. दुसऱ्या दिवशी शंभर रुपये घेऊन गेले, तर घेईनात. "तुमची खात्री आहे का?" म्हणाले. खात्री कोठून असणार!

आता मी नोट डोळ्यांनी नीट पाहते, "वीस दिले" असे मोठ्याने बोलते आणि मगच त्यांच्या हातात देते. आपण सगळ्यांनीच तसे करावे. शक्यतो सुटे न्यावेत. फोनवरून पैसे दिले तर त्यांच्याजवळची पेटी रक्कम बोलते, तेही बरे.

आणखी एक सुचवते. संक्रांतीच्या वाणासाठी उदबत्तीचे साठ पुडे यंदा त्यांच्याकडून घ्यावेत. मी विचारून आले आहे. म्हणाले, "देतो. पण आठ दिवस आधी सांगा. आणि मंडळ असले तरी उधारी नाही हं!"